जठराचा कॅन्सर आणि स्टेम सेल: कानावर आलेला दावा कसा तपासावा

जठराच्या कॅन्सरबद्दल बोलताना कुणी ‘स्टेम सेल’ म्हणालं की मी लगेच विचारते, कुठल्या स्टेम सेल? कुणाच्या? आणि त्यांचं करायचं काय आहे, मारायच्या की टोचायच्या? समोरच्याला एवढं सांगता आलं तर पुढे बोलण्यात अर्थ असतो. स्टेम सेल म्हणजे स्वतः टिकून राहून विभागत नव्या पेशी पुरवणारी मूळ पेशी.

माझी सगळी नोकरी हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत गेली. एंडोस्कोपीत काढलेले तुकडे फॉर्मेलिनच्या डबीतून घ्यायचे, मेणाच्या ब्लॉकमध्ये बसवायचे, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, काचेवर चढवून रंगवायचे, हे माझं काम. निदान डॉक्टर करायचे, पण ज्या स्लाइडवर करायचे ती माझ्या हातून गेलेली असायची. रिपोर्ट न्यायला आलेले नातेवाईक मग खिडकीशी थांबून विचारत, “ताई, यात स्टेम सेलचा काही उपयोग होईल का हो?” थोडक्यात उत्तर असं: जठराच्या कॅन्सरवर स्टेम सेल टोचून करायचा सिद्ध झालेला उपचार आज नाही. पण एवढंच सांगून माणसाला परत पाठवलं तर तो दुसरीकडे जाऊन गाठ पडेल त्याचं ऐकतो. कारण या आजाराचा आणि स्टेम सेलचा संबंध खरा आहे. चार निरनिराळ्या ठिकाणी आहे. आणि विकणारा एका ठिकाणचं खरं उचलून दुसऱ्या ठिकाणी चिकटवतो. म्हणून ही चार ठिकाणं नीट वेगळी करून घ्या.

जठराच्या अस्तरातल्या स्टेम सेल

जठराचं अस्तर सूक्ष्मदर्शकाखाली सपाट दिसत नाही. वर बारीक खड्डे आणि त्यांच्या खाली उतरत गेलेल्या नळीसारख्या ग्रंथी. पृष्ठभागावरच्या, चिकट म्युकस तयार करणाऱ्या पेशी काही दिवसांतच झडून जातात. आम्ल तयार करणाऱ्या पॅरायटल पेशी त्याहून बऱ्याच जास्त टिकतात आणि ग्रंथीच्या तळाशी बसलेल्या चीफ पेशी तर काही महिने. ही सगळी भरपाई ग्रंथीतल्या थोड्याशा स्टेम सेल करतात. जठराच्या मुख्य भागात त्या ग्रंथीच्या वरच्या निमुळत्या पट्ट्यात असतात, तर आतड्याकडच्या टोकाला, म्हणजे ॲन्ट्रममध्ये, ग्रंथीच्या तळाशीही सापडतात. नेदरलँड्समधल्या हान्स क्लेव्हर्स यांच्या प्रयोगशाळेत निक बार्कर आणि सहकाऱ्यांनी २००७ साली पेशीवरच्या एलजीआर५ या प्रथिनाच्या खुणेवरून आतड्यातल्या स्टेम सेल ओळखल्या आणि २०१० साली त्याच खुणेने उंदराच्या जठराच्या त्या टोकाकडच्याही दाखवल्या.

आमच्या रोजच्या गुलाबी-जांभळ्या रंगात या पेशी शेजाऱ्यांपासून वेगळ्या ओळखू येत नाहीत. त्यामुळे बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ‘स्टेम सेल’ असं कुठे लिहिलेलं नसतं. ते शोधत बसू नका. त्याऐवजी चार शब्द शोधा: क्रॉनिक गॅस्ट्रायटिस, ॲट्रोफी, इन्टेस्टायनल मेटाप्लेझिया आणि डिस्प्लेझिया. पेलायो कोरिया या पॅथॉलॉजिस्टांनी १९७५ पासून मांडलेली पायऱ्यांची मालिका ती हीच. आधी दीर्घकाळची सूज, मग ग्रंथी विरळ होणं, मग जठराच्या जागी आतड्यासारखं अस्तर उगवणं, मग पेशींची ठेवण बिघडणं, आणि शेवटी कॅन्सर. बहुतेक लोक मधल्याच एखाद्या पायरीवर आयुष्यभर थांबतात, हे आधी लक्षात घ्या. रिपोर्टमध्ये ‘मेटाप्लेझिया’ वाचून रात्रभर जागलेली माणसं मी पाहिली आहेत.

मेटाप्लेझिया ही मला कायम सगळ्यांत नवलाची गोष्ट वाटत आली. अल्शियन ब्लू नावाचा रंग दिला की जठराच्या तुकड्यात मधूनच निळे टपोरे ठिपके उमटतात. त्या गॉब्लेट पेशी. त्यांचं घर आतडं, जठरात त्यांचं काही काम नाही. त्या आतड्यातून चालत आलेल्या नसतात. जठराच्याच ग्रंथीतून, सततच्या सुजेखाली राहिलेल्या पेशींमधून, वेगळ्या धर्तीची पिलावळ निघू लागलेली असते. स्टेम सेलचा या आजाराशी असलेला पहिला आणि सगळ्यांत जुना संबंध इथे, म्हणजे कॅन्सर होण्याच्या कितीतरी वर्षं आधी. बहुतेक पेशी काही दिवसांत किंवा महिन्यांत झडून जातात. त्यांच्यात जनुकीय बिघाड झाला तरी तो त्यांच्याबरोबर जातो. स्टेम सेल मात्र मागे राहते आणि विभागत राहते, म्हणून बिघाड साठायला तीच सोयीची जागा. अर्थात चीफ पेशींसारख्या तयार पेशीही दुखापत झाली की मागे फिरून स्टेम सेलसारख्या वागू शकतात असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे, त्यामुळे ‘कॅन्सर अमुकच पेशीतून निघतो’ असं कुणी छातीठोकपणे सांगितलं तर जरा थांबा.

या सुजेमागे बहुतेक वेळा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी तो १९८२ साली वाढवून दाखवला, लोकांना पटेना म्हणून मार्शल यांनी १९८४ साली त्याचं मिश्रण स्वतःच पिऊन जठराला सूज आणून घेतली, आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने १९९४ साली या जिवाणूला पहिल्या गटातला, म्हणजे माणसात कॅन्सर घडवणारा ठरलेला, घटक म्हटलं. स्लाइडवर जीम्सा रंगात तो वळलेल्या बारीक काड्यांसारखा म्युकसमध्ये दिसतो. पुढच्या संशोधनात कळलं की काही जिवाणू म्युकसमध्येच न थांबता खोल ग्रंथीत उतरतात आणि तिथल्या स्टेम सेलना जास्त वेगाने विभागायला लावतात.

आता यातून करायचं काय? स्टेम सेलचं नाव घेऊन जठराच्या कॅन्सरबाबत तुमच्या हातात खरोखर असलेलं सर्वांत मोठं काम हेच आहे: जिवाणू शोधणं आणि घालवणं. विशेषतः आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर. दक्षिण कोरियात अशाच नातेवाइकांवर झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, साधारण नऊ वर्षांच्या पाठपुराव्यात, जिवाणूवर औषध मिळालेल्या गटात १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, तर नुसती दिसायला तशीच गोळी मिळालेल्यांत २.७ टक्के. श्वासाची युरिया चाचणी किंवा शौचाची अँटिजेन चाचणी पुरते. चाचणीआधी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या दोन आठवडे आणि अँटिबायोटिक चार आठवडे बंद असावं लागतं, नाहीतर जिवाणू असूनही चाचणी ‘नाही’ म्हणते. या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच थांबवा. कोर्स साधारण १० ते १४ दिवसांचा, अनेक गोळ्यांचा आणि तोंड कडू करणारा असतो. अर्ध्यात सोडू नका. आणि तो संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी करून जिवाणू गेला का ते बघा. ही शेवटची चाचणी बहुतेक जण विसरतात. रक्तातल्या अँटिबॉडीची तपासणी त्यासाठी चालत नाही, कारण जिवाणू गेला तरी अँटिबॉडी बराच काळ राहतात.

गाठीतल्या स्टेम सेल

दुसरं ठिकाण कॅन्सरच्या गाठीच्या आत. कल्पना अशी की गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्या ताकदीच्या नसतात. थोड्याच पेशी नवी गाठ सुरू करू शकतात, केमोला दाद देत नाहीत आणि पुढे आजार उलटवतात. कॅनडात जॉन डिक यांच्या गटाने १९९४ साली हे रक्ताच्या कॅन्सरमध्ये दाखवलं आणि २००३ साली स्तनाच्या कॅन्सरमध्येही तसं दिसलं. २००९ साली जठराच्या कॅन्सरच्या पेशींमध्ये सीडी४४ ही खूण असलेल्या पेशी उंदरात गाठ धरतात असा निष्कर्ष आला. पण सीडी४४ इतरही कितीतरी साध्या पेशींवर असतं, आणि गाठीतली पेशी परिस्थिती पाहून हा गुण कमावते आणि गमावतेही. ठरावीक टोळी पकडून संपवावी इतकं ते सोपं निघालं नाही.

जाहिरातीत इथे एक उपमा हमखास येते: गवत वरून कापलं तरी मुळं राहतात, आम्ही मुळं काढतो. ऐकायला फारच पटते. पण मुळं काढायचा प्रयत्न प्रत्यक्ष झाला तेव्हा काय झालं तेही सांगायला हवं. नापाब्युकासिन नावाची गोळी गाठीतल्या स्टेम सेलसारख्या पेशींचं स्टॅट३ हे वाढीचे हुकूम देणारं प्रथिन बंद पाडेल या आशेवर बनली. ‘ब्रायटर’ या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत जठराचा किंवा अन्ननलिका जठराला मिळते त्या जागेचा कॅन्सर पुढे गेलेले ७१४ रुग्ण घेतले. अर्ध्यांना पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधासोबत ही गोळी, अर्ध्यांना पॅक्लिटॅक्सेल आणि नकली गोळी. गोळीवाल्यांचा जगण्याचा मध्यकाळ, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, ६.९ महिने, दुसऱ्यांचा ७.४. फायदा नाही. प्रयोगशाळेतल्या बशीत औषध सुंदर काम करत होतं. मला या चाचणीबद्दल आदर आहे, कारण ज्यांनी ती केली त्यांनी उत्तर ‘नाही’ आलं तरी ते छापलं.

म्हणून ‘कॅन्सर स्टेम सेलची तपासणी’ करून देतो असं कुणी म्हणालं तर एकच प्रश्न विचारा: याच्या उत्तरावरून माझं औषध बदलणार आहे का? जठराच्या कॅन्सरमध्ये ज्यांच्या उत्तराने औषध खरोखर बदलतं अशा तपासण्या वेगळ्या आहेत. गाठीच्या पेशींवर हर२ हे प्रथिन जास्त सापडलं, म्हणजे तपासणी पॉझिटिव्ह आली, तर ट्रास्टुझुमॅब या औषधाचा विचार होतो. एमएमआर किंवा एमएसआय या, पेशीतली जनुकांची दुरुस्ती नीट चालते का ते बघणाऱ्या तपासण्यांत दोष निघाला, किंवा पीडी-एल१ या प्रथिनाचा आकडा पुरेसा आला, तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा. क्लॉडिन १८.२ हे प्रथिन पॉझिटिव्ह असेल तर झोल्बेटुक्सिमॅबचा. हे औषध २०२४ साली आधी जपानमध्ये आणि मग इतरत्र मंजूर झालं. पैसा आणि तुकडा दोन्ही मर्यादित असतात, ते आधी या तपासण्यांवर खर्च व्हावेत. तुकड्याचं तर विशेष सांगते. हर२ गाठीत सगळीकडे सारखं नसतं, एका कोपऱ्यात असतं आणि दुसऱ्यात नसतं. एकदोन चिमटे घेऊन पाठवलेल्या तुकड्यात ते हुकू शकतं. पाच-सहा तरी तुकडे हवेत.

हाडांच्या पोकळीतल्या स्टेम सेल

तिसरं ठिकाण अस्थिमज्जा, आणि घरच्या माणसाला रोज उपयोगी पडणारी माहिती इथली आहे. बातम्यांमध्ये मात्र तिला जागा नसते.

शस्त्रक्रिया करता येण्याजोग्या जठराच्या कॅन्सरमध्ये बऱ्याच रुग्णांना आधी केमो, मग शस्त्रक्रिया, मग पुन्हा केमो असा क्रम असतो. एफएलओटी ही चार औषधांची पद्धत दर दोन आठवड्यांनी देतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तिने जगण्याचा मध्यकाळ आधीच्या पद्धतीच्या ३५ महिन्यांवरून ५० महिन्यांवर नेला. असे आकडे असतात तेव्हा उपचार सिद्ध झाला म्हणतात. पण केमो विभागणाऱ्या पेशींवर मारा करते, मग त्या गाठीतल्या असोत, केसांच्या मुळाशी असोत, तोंडाच्या अस्तरात असोत की मज्जेत. मज्जेत स्टेम सेलच्या पुढच्या पिढ्यांची झपाट्याने चाललेली विभागणी थांबते. रक्तात आधीच फिरत असलेल्या पांढऱ्या पेशी संपत जातात आणि नव्या येत नाहीत. त्यामुळे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, केमोच्या दिवशी पडत नाहीत, साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात तळाला जातात. स्वतः मज्जेतल्या स्टेम सेल बऱ्याचशा संथ, पहुडलेल्या असतात, म्हणून वाचतात आणि सगळं पुन्हा भरून काढतात. दोन केमोंमधलं अंतर त्या भरपाईसाठी.

तेव्हा घरात थर्मामीटर हाताशी ठेवा. या दिवसांत ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला की क्रोसिन देऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्र असली तरी रुग्णालय. संसर्ग अंगात पसरायला तेव्हा काही तास पुरतात, कारण अडवायला पेशीच नसतात. डॉक्टर फिल्ग्रास्टिम किंवा पेगफिल्ग्रास्टिमचं इंजेक्शन देतात ते मज्जेला घाई करायला लावणारं औषध आहे. त्याने पाठीच्या, कमरेच्या हाडांत ठणका लागतो. मज्जा कामाला लागल्याचं ते लक्षण, घाबरण्यासारखं नाही. पण ‘पेशी वाढवायचं इंजेक्शन’ म्हणजे स्टेम सेलचा उपचार नव्हे, आणि तसं नाव लावून कुणी बिल फुगवत असेल तर विचारा.

मज्जेचं प्रत्यारोपण मात्र खरोखर स्टेम सेलचा उपचार आहे, ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा अशा रक्ताच्या आजारांवर. शेजाऱ्याचा मुलगा त्याने बरा झाला म्हणून जठराच्या कॅन्सरलाही ते चालेल, असं होत नाही. तिथे आजार रक्ताच्याच पेशींचा असतो, आणि जबर केमोने मारली गेलेली मज्जा त्या स्टेम सेलनी पुन्हा उभी करतात. इथे गाठ जठरात आहे. मज्जा बदलून ती हलत नाही.

एक जुनी बातमी अधूनमधून फिरते, की जठराचा कॅन्सर मज्जेतल्या पेशींपासून होतो. त्यामागे २००४ साली ‘सायन्स’मध्ये आलेला उंदरांवरचा प्रयोग आहे. दीर्घ संसर्ग झालेल्या उंदरांत मज्जेतून आलेल्या पेशी जठरात स्थिरावून कॅन्सरमध्ये सापडल्या होत्या. प्रयोग खरा, पण नंतरचा बराच पुरावा जठराच्या स्वतःच्या पेशींकडेच बोट दाखवतो.

बाटलीतल्या स्टेम सेल

चौथं ठिकाण क्लिनिकचं. चरबीतून, नाळेतून किंवा मज्जेतून काढलेल्या मेसेन्कायमल पेशी, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी घडवू शकणाऱ्या पेशी, सलाइनमधून देतो, प्रतिकारशक्ती वाढते, कॅन्सर आटोक्यात येतो, असा दावा. त्याला पुरावा नाही हे एक. दुसरं जास्त गंभीर: या जातीच्या पेशी गाठीकडे ओढल्या जातात आणि जठराच्या कॅन्सरच्या पेशींना वाढायला, पसरायला मदत करू शकतात असं प्रयोगशाळेत अनेकदा दिसलं आहे. ‘तुमच्याच शरीरातल्या आहेत, अपाय कसा होईल?’ या वाक्याला भुलू नका. कॅन्सरही स्वतःच्याच शरीरातला असतो. २०१७ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीन स्त्रियांची हकिकत छापली. स्वतःच्याच चरबीतून काढलेल्या पेशी एका क्लिनिकमध्ये डोळ्यांत टोचून घेतल्यावर तिघींची दृष्टी गेली किंवा जवळजवळ गेली.

त्या हकिकतीतला एक तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे. ते क्लिनिक चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत दिसत होतं, आणि तिघींपैकी काहींनी तीच पाहून ही अधिकृत चाचणी असल्याचं धरलं होतं. नोंद असणं म्हणजे मंजुरी नव्हे. खरी चाचणी ओळखायची तर नोंदीत टप्पा कितवा ते बघा: पहिला टप्पा फक्त सुरक्षितता आणि डोस ठरवतो, तुलना करून फायदा आहे का ते साधारणपणे तिसऱ्यात कळतं. तुलनेचा गट आहे का, नीतिसमितीची संमती आहे का, संमतिपत्रावर धोके लिहिले आहेत का ते बघा. आणि प्रयोगाखालच्या उपचाराचे पैसे तुमच्याकडून मागत असतील तर मी सरळ उठून येईन. मोजला जाणारा परिणाम काय आहे तेही विचारा. ‘उत्साह वाढला’ हा परिणाम नाही; गाठ किती आकुंचली, किती रुग्ण किती काळ जगले, हा परिणाम.

सीएआर-टी उपचारालाही लोक स्टेम सेलच म्हणतात. ते चूक आहे. त्यात रुग्णाच्या टी-पेशी, म्हणजे तयार पांढऱ्या पेशी, काढून बदलून परत देतात. क्लॉडिन १८.२ वर रोखलेल्या अशा पेशींची चीनमधली दुसऱ्या टप्प्याची चाचणी २०२५ साली प्रसिद्ध झाली. आधीचे उपचार थकलेल्या रुग्णांत आजार न वाढता राहण्याचा मध्यकाळ १.८ वरून ३.३ महिन्यांवर गेला. थोडी का होईना, खरी पुढची पायरी. चमत्कार म्हणायला मी तयार नाही.

स्टेम सेलच्या संशोधनातून रुग्णापर्यंत यायच्या बेतात असलेली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट टोचायची नाहीच. ऑर्गेनॉइड. जठरातल्या स्टेम सेल, किंवा रुग्णाच्या गाठीचे कण, योग्य रसायनांच्या जेलीत ठेवले की त्यातून चिमुकल्या ग्रंथी उगवतात. हाँगकाँगमधल्या गटाने २०१८ साली जठराच्या कॅन्सरच्या अशा ऑर्गेनॉइडांची पेढीच उभी केली. त्यांच्यावर औषधं आधी करून बघता येतात. रोजच्या उपचारात औषध निवडायला हे अजून रुळलेलं नाही, पण कुठे चाचणी चालू असेल आणि गाठीचा थोडा भाग मागत असतील तर विचार करण्याजोगं आहे.

दुसरं मत घ्यायला जाताना नुसता रिपोर्टचा कागद नेऊ नका. पॅथॉलॉजी विभागात अर्ज करून रंगवलेल्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक मागा. ब्लॉक द्यायला नको म्हणाले तर न रंगवलेल्या दहा-पंधरा स्लाइड कापून मागा. हर२, एमएमआर, पीडी-एल१, क्लॉडिन सगळं त्यातून करता येतं, दुसऱ्यांदा एंडोस्कोपी न करता. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर एकच आहे का ते खिडकीशीच जुळवून घ्या, पोच द्या, आणि डबी उन्हात गाडीत ठेवू नका, मेण वितळतं.